अक्कलदाढ काढल्यावर शेजारच्या दाढेच्या हाडाचं काय होतं? तारा लावलेल्या रुग्णांचे नेहमीचे प्रश्न

दातांना तारा लावायचं ठरलं की त्या घरात कधी ना कधी अक्कलदाढेचा विषय निघतोच. दुखेल का, सूज किती दिवस राहील, खर्च किती, रजा किती घ्यायची, हे सगळं विचारलं जातं. शेजारच्या दाढेचं काय होणार हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. वर्षभराने एक्स-रेवर तिच्या मागे काळपट खड्डा दिसला की मग तो प्रश्न आठवतो. खालची उत्तरं त्याच प्रश्नाभोवती आहेत. बोलणं मुख्यतः खालच्या जबड्याबद्दल आहे. वरच्या जबड्याचं हाड विरळ असतं, रक्तपुरवठाही चांगला असतो, त्यामुळे तिथे ही तक्रार कमी दिसते.

शेजारची दाढ म्हणजे नेमकी कोणती? आणि तिथलं कुठलं हाड?

साधारण बाराव्या वर्षी येणारी दुसरी मोठी दाढ. तिच्या मागच्या अंगाला, अक्कलदाढेच्या बाजूला जे हाड असतं, त्याबद्दल आपण बोलतोय. दाताचा मुकुट संपून मूळ सुरू होतं त्या रेषेपासून हाडाची कड निरोगी तोंडात १ ते २ मिलिमीटर खाली असते. एक्स-रेवर हे अंतर बघतात. दुसरी तपासणी हिरडीतून, बारीक खुणा असलेल्या सळईने होते. हिरडी आणि दात यांच्यातली फट ३ मिलिमीटरपर्यंत असली तर ठीक. ५ किंवा त्याहून जास्त भरली आणि सळई लावताच रक्त आलं, तर लक्ष द्यायला हवं.

अक्कलदाढ काढल्यावर तिथलं हाड कमी होतं की वाढतं?

दोन्ही होऊ शकतं. कोणतं होणार हे बरंचसं दाढ काढायच्या आधीच ठरलेलं असतं.

आडवी किंवा पुढे कललेली अक्कलदाढ वाढता वाढता दुसऱ्या दाढेच्या मुळाला जाऊन टेकते. दोन घरांमधल्या सामाईक भिंतीसारखं जे हाड मधे असायला हवं, ते पातळ होतं किंवा उरतच नाही. म्हणजे हाड आधीच गेलेलं असतं. तिथे अक्कलदाढेचं डोकं बसलेलं असल्यामुळे जागा रिकामी दिसत नाही, एवढंच. दाढ निघाली की पोकळी उघडी पडते आणि खापर काढणाऱ्याच्या माथी फुटतं.

ते हाड परत येईल की नाही, हे मुळाच्या त्या पृष्ठभागाच्या अवस्थेवर अवलंबून असतं. अक्कलदाढ पूर्ण गाडलेली असेल, तोंडातल्या जंतूंशी तिचा संबंधच आला नसेल, तर दुसऱ्या दाढेच्या मुळावरच्या पेशी धडधाकट असतात. तरुण वयात तिथे हाड आणि मुळाला हाडाशी बांधणारे तंतू बऱ्यापैकी पुन्हा तयार होतात. अर्धवट उगवलेल्या दाढेची गोष्ट वेगळी. हिरडीच्या झडपेखाली अन्न अडकतं, जंतू साचतात, अधूनमधून सूज येते, गोळ्या खाल्ल्या की बसते. असं काही वर्षं चाललं की शेजारच्या मुळावर किटण धरतं. त्या मुळाला नवं हाड चिकटत नाही. हिरडीची पातळ त्वचा मुळाला लागून खाली उतरते आणि मागे खोल कप्पा राहून जातो.

तिसरा प्रकार फारसा बोलला जात नाही. दुसऱ्या दाढेमागचं हाड उत्तम आहे, हिरडी निरोगी आहे आणि अक्कलदाढ कसलाही त्रास न देता खोल पडून आहे. ती काढायची तर तिच्यापर्यंत पोचायला चांगलं हाड कापावं लागतं आणि त्यातलं थोडं कायमचं जाऊ शकतं. आजवरचे निष्कर्ष साधारण याच दिशेचे आहेत: आधी खराब असलेली जागा दाढ काढल्यावर सुधारते किंवा आहे तशी राहते, आणि आधी चांगली असलेली जागा थोडी बिघडण्याची जोखीम असते. त्यामुळे ‘काढून टाका, कटकट नको’ असा सरसकट सल्ला मला पटत नाही.

हे किती वेळा घडतं?

वारंवार सांगितला जातो तो आकडा स्वीडनमधला आहे. कुगेलबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये खालच्या गाडलेल्या अक्कलदाढा काढलेल्या २१५ जागांची दोन वर्षांनंतरची अवस्था मांडली. सुमारे ४३ टक्के जागी दुसऱ्या दाढेमागचा कप्पा ७ मिलिमीटर किंवा त्याहून खोल होता आणि सुमारे ३२ टक्के जागी हाडात ४ मिलिमीटर किंवा त्याहून खोल खड्डा होता.

आकडा वाचून घाबरू नका. ते सर्व वयांचे रुग्ण होते आणि अनेकांचं हाड आधीच गेलेलं होतं. याच गटाच्या पुढच्या कामातून वयाचा मुद्दा ठळक झाला: पंचविशीच्या आतल्यांचे खड्डे काळाबरोबर भरत गेले, पंचविशी ओलांडलेल्यांचे फारसे भरले नाहीत. तारा लावणारे बहुतेक रुग्ण बारा ते बावीस वर्षांचे असतात, म्हणजे पहिल्या गटातले. अलीकडे तिशी-पस्तिशीत अलाइनर, म्हणजे तारांऐवजी काढता-घालता येणारे पारदर्शक साचे, घेणारेही पुष्कळ येतात. त्यांनी मात्र हा आकडा दुसऱ्यांदा वाचावा.

दाढेची जागा भरायला किती वेळ लागतो?

पहिल्या दिवशी रक्ताची गुठळी. आठवड्याभरात तिच्या जागी लालसर मऊ ऊतक. चार ते सहा आठवड्यांत कच्चं हाड धरू लागतं. साधारण सहा महिन्यांत एक्स-रेवर जागा भरलेली दिसते, जुन्या खळग्याची पांढरी कड मात्र कधी कधी वर्षभर टिकते. वरची हिरडी तीन-चार आठवड्यांत मिटते, त्यामुळे रुग्णाला वाटतं काम झालं. आत काम चालूच असतं. म्हणून तिसऱ्या महिन्याच्या आत सळई घालून मोजू नये आणि हाडाबद्दलचा निकाल सहा महिन्यांच्या आत देऊ नये.

तारा असल्यामुळे यात वेगळं काय होतं?

पुष्कळ काही, आणि सगळंच वाईट नाही.

तोट्याची बाजू आधी. दुसऱ्या दाढेवर तारेची नळी किंवा कडं बसवलेलं असतं. तोंडातली सर्वांत मागची, ब्रश न पोचणारी जागा ती. आधीच धातू, त्यात ताजी जखम. तिथे जंतूंचा थर साचला तर हिरडी सुजलेलीच राहते, आणि सुजलेल्या हिरडीखाली हाड नीट धरत नाही.

दुसरा मुद्दा जोराचा. हाडाला जखम झाली की आसपासच्या हाडाची मोडतोड आणि बांधणी काही काळ वेगाने होते. हॅरल्ड फ्रॉस्ट या अमेरिकन अस्थिशल्यतज्ज्ञाने १९८३ मध्ये याचं सविस्तर वर्णन केलं. दाढा मागे सरकवायच्या असतील तर काही ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे तारा लावणारे डॉक्टर, या काळाचा फायदा घेऊन लवकर जोर लावतात. काही जण जखम बसेपर्यंत दुसऱ्या दाढेला हातच लावत नाहीत. दाढ मागे न्यायची नसेल तर घाई करायचं कारण मला दिसत नाही. हिरडी मिटू द्यावी, सूज पूर्ण जाऊ द्यावी. आणि मागे न्यायचीच असेल तर हिरडी स्वच्छ असल्याशिवाय नाही. सुजलेल्या हिरडीत दात हलवला की हाड वेगाने जातं, हे तारांच्या बाबतीत कुठेही लागू आहे.

आता जमेची बाजू. अक्कलदाढेमुळे दुसरी दाढ अडकलेली किंवा पुढे कललेली असेल, तर अडथळा निघाल्यावर तारांनी ती सरळ करता येते. दात सरळ होताना हाडाची कड त्याच्याबरोबर बदलते. एक्स-रेवर तिरका दिसणारा खड्डा बऱ्याचदा उथळ होतो, त्यातला काही भाग खरा आणि काही भाग दात सरळ झाल्यामुळे बदललेल्या कोनाचा. शिवाय तारांच्या रुग्णाचे सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे एक्स-रे तयार असतात. इतर रुग्णांकडे तुलनेसाठी असं काही नसतं.

काढायचीच असेल तर कोणत्या वयात?

मुळं एक तृतीयांश ते दोन तृतीयांश झालेली असताना. बहुतेकांत हे सोळा ते एकोणीसच्या आसपास येतं. तेव्हा हाड लवचिक असतं, मुळं जबड्यातून जाणाऱ्या, ओठाला संवेदना देणाऱ्या नसेपासून दूर असतात, जखम लवकर भरते. त्याआधी, नुसतं बीज असताना काढण्याची सरसकट गरज नसते. पंचविशीनंतर काढता येत नाही असं मुळीच नाही. तिथे दुसऱ्या दाढेमागची जागा आधी मोजून ठेवणं आणि नंतर पाळत ठेवणं जास्त गरजेचं होतं.

तारा काढल्यावर पुढचे दात पुन्हा वाकडे होऊ नयेत म्हणून अक्कलदाढा काढायच्या ना?

नाही. हा समज घरोघरी आहे, काही दवाखान्यांतही आहे. ब्रिटनमध्ये हॅराडाइन, पिअरसन आणि टॉथ यांनी यावर चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला अभ्यास केला आणि १९९८ मध्ये छापला. तारांचे उपचार झालेल्या किशोरांपैकी काहींच्या अक्कलदाढा काढल्या, काहींच्या ठेवल्या, आणि सरासरी साडेपाच वर्षांनी खालचे पुढचे दात मोजले. लक्षात घेण्याजोगा फरक आढळला नाही. वय वाढतं तसे खालचे पुढचे दात सगळ्यांचेच थोडे दाटतात, अक्कलदाढ मुळातच नसलेल्यांचेही. त्यावर उपाय रिटेनर, म्हणजे तारा निघाल्यावर दात जागेवर ठेवणारी पट्टी. तो डबीत ठेवून दाढेला दोष देण्यात अर्थ नाही.

तारांसाठी माझ्या चार उपदाढा (सुळ्यामागच्या छोट्या दाढा) काढल्या आहेत. मग अक्कलदाढेला जागा मिळेल का?

शक्यता वाढते. उपदाढांची जागा भरताना मागच्या दाढा पुढे सरकल्या तर मागे तेवढी मोकळीक होते आणि अक्कलदाढ सरळ उगवण्याची संधी वाढते. ती नीट आली तर शेजारच्या दाढेमागे निरोगी हाड राहतं, हा सर्वांत चांगला शेवट. म्हणून अशा रुग्णात तारा संपेपर्यंत थांबून, नवा ओपीजी, म्हणजे सगळ्या जबड्याचा एकत्र एक्स-रे, काढून मग ठरवावं. पुढच्या दातांनाच मागे ओढून जागा भरली असेल, तर हा फायदा मिळत नाही.

एक्स-रेवर दाढेमागे काळं दिसतंय. हाड गेलं का?

एक्स-रे कधी काढला? दुसऱ्या महिन्यातला असेल तर काळं दिसणारच.

ओपीजी हे सपाट चित्र आहे. गालाकडचं आणि जिभेकडचं हाड त्यात एकावर एक पडतं, त्यामुळे एका बाजूचं हाड गेलेलं असलं तरी लपून जातं. शिवाय ओपीजीत सगळं मोठं दिसतं, आणि किती मोठं हे यंत्रावर आणि रुग्ण कसा उभा होता यावर ठरतं. दोन वेगवेगळ्या सेंटरमधल्या चित्रांवर पट्टी ठेवून मिलिमीटर वजा करणं निरर्थक. त्यापेक्षा त्याच दाताच्या मुळाच्या लांबीशी हाडाचं प्रमाण काढून तुलना करावी. बारकाईने बघायचं असेल तर त्या एका दाढेचा छोटा एक्स-रे पुरतो. त्रिमितीय स्कॅन, म्हणजे सीबीसीटी, खड्ड्याचा आकार आणि दुसऱ्या दाढेचं मूळ झिजलंय का हे ओपीजीपेक्षा चांगलं दाखवतो. पण त्यात किरणांची मात्रा जास्त, आणि तोंडात धातूच्या तारा असतील तर चित्रात रेघा उमटतात. दाढ नसेला चिकटलेली वाटत असेल किंवा मूळ झिजल्याची शंका असेल तर तो जरूर करावा, नुसत्या उत्सुकतेपोटी नको.

ओरल सर्जनला आधी काय विचारावं?

तीन गोष्टी. दुसऱ्या दाढेमागची हिरडी आत्ता किती खोल भरते, ते मोजून लिहून ठेवलंय का? दाढ निघाल्यावर दुसऱ्या दाढेचं मागचं मूळ साफ करणार का? आणि नसेचा धोका किती?

पहिला प्रश्न विचारणारा रुग्ण क्वचितच भेटतो, पण ती नोंद नसेल तर नंतरचा कोणताही आकडा लटका ठरतो. दुसऱ्याबद्दल इतकंच: मुळावर किटण असेल तर ते काढलंच पाहिजे. मूळ स्वच्छ असेल तर जोर लावून खरडू नये, कारण हाड परत आणणाऱ्या पेशी त्याच पृष्ठभागावर असतात. हिरडी कुठून कापायची याच्या अनेक पद्धती आहेत. सहा महिन्यांनंतर हाडाच्या हिशोबात त्यांच्यात फारसा फरक उरत नाही, सर्जनचा हात ज्या पद्धतीवर बसलाय ती बरी.

कृत्रिम हाड किंवा पीआरएफ टाकून घ्यावं का?

सगळ्यांनी नाही. पीआरएफ म्हणजे रुग्णाचंच रक्त यंत्रात फिरवून मिळणारा, रक्त गोठवणाऱ्या फायब्रिन या प्रथिनाचा जाळीदार गोळा. फ्रान्सच्या जोसेफ शुक्रून यांनी २००१ च्या सुमारास ही पद्धत आणली. दुखणं आणि सूज कमी व्हायला त्याची मदत होते. हाड किती जास्त येतं याबद्दल निष्कर्ष एकसारखे नाहीत. हाडाची भुकटी भरण्याचा विचार तीन गोष्टी एकत्र आल्या तर करावा: वय पंचविशीपुढे, दाढ आडवी किंवा बरीच कललेली, आणि दुसऱ्या दाढेमागे आधीपासून खड्डा. सतरा वर्षांच्या निरोगी मुलीला हे पॅकेज म्हणून विकलं जात असेल तर दुसरं मत घ्या. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबई महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय, इथे सर्जरी, हिरड्या आणि तारा हे तिन्ही विभाग एकाच आवारात असतात, त्यामुळे असं मत घेणं सोपं जातं.

काढल्यानंतर दुसऱ्या दाढेला थंड लागतंय आणि ती थोडी हलतेय.

पहिल्या काही आठवड्यांत दोन्ही चालतं. मुळाचा झाकलेला भाग उघडा पडलेला असतो. तारा चालू असताना दात थोडे हलतातच. महिना-दोन महिन्यांनी वाढत चाललं, रात्री ठणका लागला किंवा मागून पू आला, तर थांबू नका.

जबड्याची शस्त्रक्रिया ठरली आहे. अक्कलदाढेचा त्याच्याशी काय संबंध?

खालचा जबडा पुढे-मागे करण्यासाठी हाड अक्कलदाढेच्या आसपासच उभं चिरतात. तिथे गाडलेली दाढ किंवा न भरलेली पोकळी असली तर हाड चुकीच्या रेषेत फुटण्याची भीती असते. म्हणून अनेक सर्जन किमान सहा महिने आधी ती काढायला सांगतात. काही जण त्याच शस्त्रक्रियेत काढतात. तारा लावायच्या सुरुवातीलाच हे सर्जनशी बोलून घ्यावं, शेवटच्या महिन्यात आठवून उपयोग नाही.

तंबाखू, मिश्री, गुटखा?

बंद. जखम भरेपर्यंत नाही, कायमच. धुराच्या आणि चघळायच्या तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा घटतो आणि दाढेची जागा कोरडी पडून तिसऱ्या-चौथ्या दिवशी असह्य ठणका लागण्याचा धोका वाढतो. मिश्रीला ‘दात घासायचं’ म्हणून तंबाखूत न धरणाऱ्या आया आणि आज्या अजून गावोगावी आहेत. ती भाजलेली तंबाखूच आहे. गुटख्याने तोंड उघडणं कमी झालेलं असेल तर मागच्या दाढेपर्यंत हत्यारही पोचत नाही आणि ब्रशही.

जागा स्वच्छ कशी ठेवायची?

पहिला दिवस जोरात चूळ भरू नका, थुंकू नका, स्ट्रॉने ओढून पिऊ नका. गुठळी निघाली की सगळं लांबतं. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच गुळण्या. खायला गुरगुट्या भात, वरण, लापशी. खळग्यात हळद, लवंग किंवा कापूस कोंबू नका, आजीने कितीही आग्रह केला तरी.

खरी सफाई टाके निघाल्यावर सुरू होते आणि तिथेच लोक ढिले पडतात. दुसऱ्या दाढेच्या मागच्या भिंतीसाठी एकाच झुबक्याचा छोटा ब्रश मिळतो. तोंड पूर्ण उघडलं की गाल ताणला जातो आणि ब्रश आत जात नाही, म्हणून तोंड अर्धवट मिटून तो मागून आत घालायचा आणि दाढेच्या पाठीवर फिरवायचा. आधी रक्त येईल. रोज केलं तर आठवडाभरात थांबतं.

मुलगा शिकायला अमेरिकेला चाललाय. तिकडे फार खर्च येतो म्हणून आधीच काढून घ्यावी का?

दाढ अर्धवट उगवलेली, सुजणारी, किडलेली किंवा शेजारचं मूळ खाणारी असेल तर हो, आणि विमानाच्या आदल्या आठवड्यात नको. निदान महिनाभर आधी, म्हणजे टाके, सूज आणि कोरड्या जागेची भानगड इथेच निस्तरेल. नुसत्या तारखेपायी निरोगी दाढ काढू नये. अमेरिकेत कॉलेजच्या वयात अक्कलदाढा काढण्याची रीत जोरात आहे. उलट कोणते उपचार द्यावेत याचा सल्ला देणाऱ्या इंग्लंडच्या ‘नाइस’ या संस्थेने २००० सालीच निरोगी गाडलेल्या अक्कलदाढा केवळ खबरदारी म्हणून काढू नयेत असं सांगितलं. जाताना ओपीजी आणि मोजमापाची नोंद फोनमध्ये ठेवायला सांगा.

वर्ष झालं, तरी खड्डा आहेच. आता?

हिरडीतज्ज्ञाकडे जा. आधी मूळ खोलवर साफ करतात आणि दोन-तीन महिने वाट बघतात. खड्डा अरुंद आणि खोल असेल तर हिरडी उघडून पडदा किंवा हाडाची भुकटी घालण्याचा उपयोग होतो. पसरट आणि उथळ असेल तर नुसत्या सफाईवर आणि तीन-चार महिन्यांच्या तपासणीवर तो वर्षानुवर्षं स्थिर राहू शकतो. तारा चालू असतील तर पू आणि रक्त थांबेपर्यंत त्या दाढेवरचा जोर काढायला सांगा, बाकीच्या दातांचं काम चालू ठेवता येतं.

आणि काढलीच नाही तर?

ठेवलेल्या दाढेवर लक्ष ठेवावं लागतं. दर तपासणीला दुसऱ्या दाढेमागे सळई लावून मोजणं आणि डॉक्टर सांगतील तेव्हा एक्स-रे, तारा निघाल्यावरसुद्धा. मोजमाप वाढू लागलं, सूज परत परत येऊ लागली किंवा दुसऱ्या दाढेच्या पाठीला कीड दिसली, तर पंचविशीची वाट न बघता काढून घ्या.